देगलूरची लेक, हैद्राबादची पेशी आणि मधेच दिल्ली

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या देगलूर भागाला हैद्राबाद काही परमुलूख वाटत नाही. मोठा दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, लोक संभाजीनगरपेक्षा तिकडंच जास्त जातात, मदनूर आलं की तेलंगणा लागला एवढंच, रस्त्यावरच्या पाट्या बदलतात बाकी शेतं तीच. सोयरीकी पण पिढ्यान्‌पिढ्या तशाच होत आल्यात. 1956 पर्यंत तर आपण सगळे एकाच हैद्राबाद राज्यात होतो, मग मराठवाडा इकडं आला आणि मधे सीमा पडली. ती सीमा एवढी जाड आहे हे मला भाचीची केस चालू झाल्यावर कळालं.

भाचीला हैद्राबादला दिलेली. नाही पटलं दोघांचं, कोणाचं चुकलं ते इथं मांडत बसत नाही, लेकरू दीड वर्षाचं असताना ती माहेरी आली आणि सहा महिन्यांत तिकडच्या फॅमिली कोर्टातून घटस्फोटाच्या केसचं समन्स आलं. कागद सगळे इंग्रजीत. भाचीला तेलुगू बाजारात भाव करण्यापुरतं येतं, कोर्टात कोण काय बोललं ते कळायचं नाव नाही. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, देगलूरला रेल्वे तर नाहीच, म्हणजे रात्री निघायचं, लेकरू कडेवर, सोबत मी नाहीतर तिचा भाऊ, आणि तिथं साडेअकराला पुकारा झाला की दोन मिनिटात पुढची तारीख. अशा चार पेश्या केल्या. एका वेळी तर जज साहेब रजेवर होते, ते तिथं गेल्यावर समजलं.

मग आम्ही म्हणलं केस इकडं घेऊन यावी. इथल्या एका वकिलांनी छातीठोक सांगितलं की संभाजीनगरच्या हायकोर्ट बेंचमधी अर्ज टाकू, काम होऊन जाईल, फी पण घेतली. तीन-चार महिने त्यातच गेले, मग दुसऱ्या एका वकिलांनी कपाळाला हात लावला. भाऊ, म्हणे, एकाच जिल्ह्यातल्या एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात न्यायची असेल तर जिल्हा कोर्ट करतं, लातूरहून नांदेडला आणायची असेल तर हायकोर्ट करतं, ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 24, पण राज्य बदललं की कलम 25 लागतं आणि तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाला. एका राज्याच्या हायकोर्टाला दुसऱ्या राज्यात केस पाठवता येत नाही हे 2008 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय. म्हणजे दोनशे किलोमीटर वाचवायला दिल्ली गाठा! आणि तिथं पण कोणताही वकील चालत नाही, ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड म्हणून वेगळे असतात, केस त्यांच्याच मार्फत दाखल होते. शेतमजुराच्या पोरीने हे कुठून शोधायचं?

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की एवढं करायची गरजच पडली नसती. हिंदू विवाह कायद्यात 2003 ची दुरुस्ती आहे, कलम 19 मधे, त्याप्रमाणे बायको जिथं राहते तिथल्या कोर्टात ती स्वतः केस टाकू शकते, नवऱ्याच्या गावाला जायची सक्ती नाही. पण हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आणि आता आपण इकडं घटस्फोटाची वेगळी केस टाकली तरी कलम 21-अ आडवं येतं, ज्याने आधी टाकली त्याच्याच कोर्टात नंतरची पण जाते. म्हणजे जो आधी पळत गेला त्याचं गाव. आपल्याकडं लेक माहेरी आली की घरचे वर्षभर बैठका घालत बसतात, पाच माणसं बोलवू, समजूत काढू, आणि तोवर तिकडून समन्स येतं.

पोटगीचं मात्र तसं नाही. ती बायको राहते त्या गावच्या कोर्टात मागता येते, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 144 झालं. भाचीने ती केस देगलूरलाच टाकली आणि केस इकडं आणायला शेवटी दिल्लीला जो अर्ज टाकला त्यात वकिलांनी हाच मुद्दा घेतला की जावई पोटगीसाठी इकडं येणारच आहेत तर घटस्फोटाची तारीख पण इकडंच होऊ द्या. या वेळी वकिलाचे पैसे पण लागले नाहीत. बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे तसं, 15100 वर फोन लावला तर कुठं जायचं ते सांगतात. हे तालुक्याच्या कोर्टात दारावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावायला काय हरकत आहे? नाहीतरी तिथं थुंकू नये एवढंच लिहिलेलं असतं.

व्हिडिओवर पेशी घ्या असं पण कोणी म्हणेल. 2017 मधे सुप्रीम कोर्टाने आधी तसं म्हणलं होतं, नंतर त्याच वर्षी तीन न्यायमूर्तींच्या बेंचने बहुमताने ते बदललं, कारण समजुतीची बोलणी समोरासमोर व्हावीत. ते मला पटतं. पण नुसती तारीख वाढवायला दोनशे किलोमीटर कशाला बोलवता, तेवढं तरी फोनवर सांगा की. आणि मराठवाड्याला लागून बिदर, निजामाबाद, आदिलाबाद एवढे जिल्हे आहेत, सोयरीकी कमी नाहीत, अशा सीमेवरच्या केसेस जवळच्या हायकोर्टालाच इकडंतिकडं करता येतील असा कायदा आपल्या खासदारांनी मागायला पाहिजे. नवऱ्याची बाजू पण ऐकावी, तो पण नोकरी सोडून येणार, कुठं म्हातारी आई एकटी असते, केसची बदली मागितली की दिली असं पण होऊ नये.

सध्या दिल्लीहून नोटीस निघालीय आणि हैद्राबादच्या केसला स्टे आहे. मागच्या आठवड्यात पोटगीच्या पेशीला जावई देगलूरला आले होते, पहाटेच्या गाडीने. लेकराला बिस्किटाचा पुडा आणला होता. बाहेर चहाच्या टपरीवर मला म्हणाले, मामा, हे दिल्लीचं कशाला काढलं, किती लांब. मी म्हणलं, जावईबापू, हैद्राबादचं आधी तुम्हीच काढलं ना.

आपला वाचक,
एक मामा, ता. देगलूर, जि. नांदेड
(कृपया नाव छापू नये)