विषय: बेअरिंग माझ्या हातात आहे आणि तुमचा डॅशबोर्ड अजून हिरवाच

सर्व्हिस हेड आणि सेल्स हेड, दोघांनाही,

काल संध्याकाळी तुमच्या सपोर्टशी चौथा कॉल झाला, पाचवा करणार नाही, म्हणून हे लिहितोय. मोटरच्या थरथरीवरून बिघाड आधीच ओळखणारा व्हायब्रेशन सेन्सर तुम्हीच बनवता, तो कुठे लावायचा हे गिऱ्हाइकाने सांगायची वेळ यायला नको होती.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं युनिट आहे. गणपतीच्या आधी तुमचे 8 सेन्सर आणि त्यांचं रीडिंग नेटवर पाठवणारा 1 गेटवे घेतला. तुमचा इंजिनिअर उगवला शनिवारी. शनिवारी आमच्याकडे सुट्टी, सगळं बंद, हे दोनदा सांगितलेलं, तर म्हणे बंद मशीनवर फिटिंग सोपं जातं. बरं. पण फिटिंग करून त्याने तिथल्या तिथे बेसलाइन लर्निंग पण चालू करून दिलं, म्हणजे नॉर्मल काय असतं हे तुमची सिस्टीम बंद मोटरकडून शिकली. रविवारी शिफ्ट चालू झाली आणि माझा मोबाइल जो कोकलायला लागला तो पंधरा दिवस गप्प बसला नाही.

त्यातून ओव्हनच्या ब्लोअरची मोटर, 22 किलोवॅट, 1470 आरपीएम. तिचा सेन्सर मागच्या फॅन कव्हरवर, मॅग्नेटने. पत्र्यावर! पत्रा थरथरणारच ना. बेअरिंग हाउसिंगवर जागा होती, रंग खरवडून स्टड, म्हणजे सेन्सर पक्का धरणारा स्क्रू, मारायला असा किती वेळ लागतो? बेअरिंग बिघडायला लागलं की आधी हाय फ्रिक्वेन्सीत दिसतं, आणि ते रंगावर चिकटवलेल्या मॅग्नेटमधून नीट येत नाही, मोटरच्या दुसऱ्या टोकाच्या पत्र्यापर्यंत तर विसराच. हे तुम्हाला माहीत नाही असं मी समजत नाही.

अलार्मची तक्रार केली, दोन दिवसांत अलार्म बंद. मी खूश, तुमच्या पोराला पाच स्टार पण दिले. नंतर लॉग उघडून बघितला तर तुम्ही ऑफिसात बसून अलार्मची लिमिट 4.5 ची 18 केलेली, मिलिमीटर पर सेकंद. न विचारता, न सांगता. मशीनच्या व्हायब्रेशनचं स्टँडर्ड, आयएसओ 20816 चा भाग 3 काढून बघा, रिजिड फाउंडेशनवरच्या एवढ्या मोटरला 4.5 च्या वर डी झोन, म्हणजे मशीनचं नुकसान करणारा पट्टा, लागतो. 18 येईस्तोवर आमची मोटर पाया सोडून इगतपुरीला पोचली असती.

आमच्या फिटर मामांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाला लावून सांगितलं होतं, शेठ, पुढचं बेअरिंग खरखरतंय. मी त्यांना ॲप दाखवलं. हिरवं. म्हटलं मामा, आता कंप्युटर बघतोय ना. ही माझी चूक, तिचे पैसे मागत नाहीये. दहा दिवसांनी, ऐन दिवाळीच्या डिस्पॅचमध्ये, रात्री अडीचला तेच पुढचं बेअरिंग, 6310 नंबरचं, जाम झालं. ओव्हनमधला माल अर्धाकच्चा, सगळ्याचं कोटिंग काढून परत मारलं, मामांनी मात्र एक शब्द ऐकवला नाही आणि तेच जास्त लागलं.

आता कालचा कॉल, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ऐका.

"सर, इथे ॲसेट हेल्दी दाखवतंय."

अहो, बेअरिंग काढलंय, माझ्या हातात आहे, आउटर रेसचे, बाहेरच्या रिंगचे, पोपडे निघालेत.

"होल्ड करा सर." सात मिनिटं बासरी.

"सर, बेअरिंग सध्या मोटरमध्ये आहे का?"

हातात आहे म्हणालो ना.

"मग व्हायब्रेशन येणारच नाही ना सर. बेअरिंग बसवून मोटर चालू करा आणि रीडिंग पाठवा."

फुटलेलं बेअरिंग परत बसवू?

"हो सर, त्याशिवाय तिकीट पुढे जात नाही. आणि सर, या कॉलला रेटिंग द्याल का?"

रेटिंग! फुटलेलं बेअरिंग हातात धरून उभ्या माणसाला!! एवढी हुशार माणसं ठेवता तर सेन्सर कशाला विकता, त्यांनाच मोटरवर चिकटवा.

मला तीन गोष्टी पाहिजेत. लिमिट कोणी आणि कोणाच्या परवानगीने बदलली ते लेखी द्या, कारण मला न विचारता बदलली हे मी विसरणार नाहीये. आठही सेन्सर हाउसिंगवर, स्टडने बसवा आणि बेसलाइन चालू मशीनवर, फुल लोडवर परत घ्या. नाहीतर पूर्ण पैसे परत. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक आयोगात अडचण येते हे वकिलाने मला सांगितलंय, पण म्हणून निश्चिंत होऊ नका, नोटीस दुसऱ्या रस्त्याने येईल आणि त्याआधी अंबड-सातपूरच्या सगळ्या ग्रुपवर बेअरिंगचा फोटो तुमच्या हिरव्या स्क्रीनशॉटला लावून जाईल. पुढच्या वर्षाचं सबस्क्रिप्शन तर विसराच. खरं सांगू, डेमोत तुमचा सेन्सर मला मनापासून आवडला होता, शेजारच्या दोन युनिटला मीच सांगितलं होतं घ्या म्हणून, आता त्यांना काय तोंड दाखवू.

माणूस पाठवणार असाल तर आठ दिवसांत पाठवा. शनिवार सोडून. शनिवारी आमचा कारखाना बंद असतो, हे आता तिसऱ्यांदा सांगतोय.