येण्याचं कारण : आभ्यास

हवालदार काका, नमस्कार.

गणपतीला म्हणून चंदगडला गावी गेलात ते परत आलाच नाहीत. आता गेटवर दुसराच माणूस बसतो. त्याला विचारलं तर म्हणाला, एजन्सीने साइट बदलली. एजन्सीत फोन लावला, तर 'नंबर देता येत नाही' म्हणून ठेवूनच दिला. म्हणून हे पत्र. मी सांगतेय आणि भाची मोबाइलवर टाइप करतेय. ती म्हणते, चार जणांनी पुढे पाठवलं की चंदगडला पोचायला किती वेळ लागतोय? चंदगड माझंही माहेर. तिथे बातमी कशी पळते ते मला नको सांगायला.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी साधं 'येते काका' एवढंच म्हणून बाहेर पडले होते. मला वाटलं, सहा-सात दिवसांत येतीलच. आभार मानायचे राहिले ते तेव्हापासून घशात अडकल्यासारखे झालेत.

बेळगावात कुणाला तो ऑगस्ट सांगायला नको, पण बाहेरचं कुणी वाचत असेल तर सांगते. ५ ऑगस्ट २०२२ ला जाधवनगरात बिबट्याने एका बांधकाम मजुरावर झडप घातली आणि तो गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला. भोवतालच्या २२ शाळा बंद झाल्या. वनखात्याने पिंजरे लावले, कॅमेरे लावले, ड्रोन उडवले, शिमोग्याकडच्या सक्रेबैलहून 'अर्जुन' आणि 'आले' नावाचे दोन हत्ती आणले. बिबट्या काही सापडला नाही. मोबाइलवर त्याचे विनोद फिरायला लागले. हसू आम्हालाही यायचं, पण आमची खोली त्या झाडीपासून हाकेच्या अंतरावर. आणि सुट्टी शाळेला होती, धुण्याभांड्याला नव्हती. नवरा सकाळच्या शिफ्टला उद्यमबागेत फाउंड्रीत. मी नऊला घर सोडणार. आठ वर्षांच्या पोरीला घरात कोंडून जायचं तरी कसं? दाराची वरची कडी तिच्या हाताला येत नाही, आणि खालची कडी असून नसून सारखीच.

शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'पालकांनी मुलांचा घरी अभ्यास घ्यावा.' त्याच्याखाली शिक्षण खात्याचं लांबलचक पत्रक, सगळं कन्नडमध्ये. मी दहावीपर्यंत शिकले ती महाराष्ट्रात. कन्नड बोललेलं आता समजतं, बाजारहाट होतो, पण अक्षर वाचायला गेलं की सगळी जिलबी दिसते. शिवाय तो मोबाइल नवऱ्याबरोबर फाउंड्रीत. संध्याकाळी तो घरी येईपर्यंत पोरगी झोपेला आलेली असायची.

तिचं नशीबच बघा काका. पहिली सगळी कोरोनात गेली. शाळेचं दार तिने पहिल्यांदा बघितलं ते दुसरीत, २५ ऑक्टोबर २०२१ ला, पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले तेव्हा. २०२२ ला १६ मेलाच शाळा सुरू केली. मागे राहिलेलं भरून काढायचं वर्ष म्हणून सरकारने 'कलिका चेतरिके' काढलं, कृतिपत्रकं दिली. पोरगी जरा रुळतेय म्हणेपर्यंत हा बिबट्या आडवा आला. आणि तिसरीपर्यंत नली-कली. म्हणजे अभ्यास कार्डांवर, आणि कार्डं शाळेच्या कपाटात कुलपात. घरी काय घ्यायचा अभ्यास, कपाळ?

कोरोनातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. तेव्हा मी एका ठिकाणी विचारायला गेले होते, आमच्याकडे घरात मोबाइल थांबत नाही, पोरीनं काय करायचं? उत्तर आलं, 'शेजाऱ्यांचा घ्या.' शेजाऱ्यांच्या घरात तीन पोरं. आणखी कुणी तरी वस्तीत येऊन वह्या वाटल्या. फोटो हलला म्हणून पोरांच्या हातातल्या वह्या परत घेतल्या, रांग पुन्हा लावली आणि त्याच वह्या पुन्हा दिल्या. आमच्या पोरीला वाटलं, आपलं काही तरी चुकलं म्हणून काढून घेतली. रात्री विचारत होती, 'आई, माझीच का परत घेतली?' सगळ्यांच्याच घेतल्या होत्या गं, असं सांगितलं तरी तिला पटेना.

तर त्या सोमवारी मी तिला घेऊन तुमच्या बिल्डिंगला आले. लिफ्टजवळचा कागद तुम्हालाही माहीत आहे, 'कामवाल्या बायकांनी मुले सोबत आणू नयेत.' पहिल्या घरातल्या बाईंनी दारातच विचारलं, 'हिला कुठं घेऊन आलीस? काम होणार काय तुझ्याच्यानं?' त्यांच्या हॉलमध्ये त्यांची दोन पोरं दोन लॅपटॉप लावून बसलेली. मी काही बोलले नाही. बोलून काम जातं. खाली आले, पार्किंगच्या खांबाजवळ तिला बसवलं आणि म्हटलं, इथून हलायचं नाही. तुमच्याकडे बघायचाही धीर झाला नाही, कारण गेटवरून हाकलायचं काम तुमचंच.

तुम्ही उठलात. मला वाटलं, आलं आता.

तुम्ही टेबलावरचं ते मोठं रजिस्टर उचललंत. आम्हा बायकांची पातळ वही नव्हे, ती वेगळी असते, त्यात '३०२ बाई', '४०१ बाई' एवढंच लिहिलं जातं. तुम्ही पाहुण्यांचं रजिस्टर उचललंत, पोरीसमोर उघडून ठेवलंत आणि पेन तिच्या हातात दिलंत. म्हणालात, 'आमच्या पलटणीत आधी हजेरी, मग बाकी सगळं. नाव लिही.'

तिनं लिहिलं. जीभ बाहेर काढून, ओळीच्या वर-खाली करत, आपलं, बापाचं आणि आडनाव. 'फ्लॅट नंबर'च्या रकान्यापाशी अडली. तुम्ही म्हणालात, जिथं बसणार ते लिही. तिनं 'पार्किंग' लिहिलं. मग 'येण्याचं कारण'. त्याच्या वरच्या ओळींत कुरिअर, गॅस, पाहुणे, पुन्हा कुरिअर. पोरगी म्हणाली, 'आई कामाला आलीय म्हणून मी आले.'

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून ऐकलं. 'आई का आली ते आईच्या वहीत. तू का आलीस?'

ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, 'अभ्यासाला.'

'मग तसं लिही की.'

तिनं 'आभ्यास' लिहिलं. काना जास्तीचा. तुम्ही बघितलंत आणि खोडलं नाहीत. 'रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही,' म्हणालात, वेळ टाकलीत नऊ वाजून वीस, आणि सही घेतलीत. तिला सही येत नव्हती, तिनं पुन्हा पूर्ण नावच लिहिलं. मी वर जाऊन भांडी घासायला लागले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. बाईंनी दोनदा हाक मारली म्हणे.

तेवढ्यावर थांबला असतात तरी हे पत्र लिहिलंच असतं. पण तुम्ही आठवडाभर शाळाच भरवलीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याचा पोरगा आला. मग शेजारच्या साइटवरच्या गवंड्यांची दोघं-तिघं, ती सगळी कन्नड बोलणारी. टीव्हीचं खोकं फाडून त्याचं बसायला केलंत. कार्डं नव्हती, तर गाड्यांच्या नंबर प्लेट होत्या. केए २२ आपली बेळगावची, केए २३ चिक्कोडीची, एमएच ०९ कोल्हापूरची, जीए म्हटलं की गोवा. प्लेटवरच्या चार आकड्यांची बेरीज करायची, मोठ्यातून छोटा वजा करायचा, आणि कुणाची गाडी बाहेर गेली की 'गणित पळालं!' म्हणून सगळी ओरडायची. पोरगी अजून रस्त्यानं चालताना प्रत्येक गाडीची बेरीज करते. मला घाई असते, हिचं आपलं, 'आई थांब, हातचा एक राहिला.'

आणि ते पाढे. तुमचं 'बे एके बे, बे दुणे चार' चाललेलं असताना त्या गवंड्याच्या पोराला येईना, तर तुम्ही त्याला उभं केलंत आणि म्हणालात, तुझ्या भाषेत म्हण, आम्ही तुझ्या मागून म्हणतो. तो कसा खणखणीत सुटला, 'एरडोंदले एरडु, एरडेरडले नाल्कु'! तुम्ही, एवढा मोठा माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीतला रिटायर हवालदार, त्याच्या मागून चुकत-माकत म्हणत होतात आणि तो तुम्हाला हसत होता. आमच्या इथे भाषेवरून काय काय होतं ते मी पुन्हा सांगत बसत नाही. पार्किंगमध्ये आठवडाभर दोन्हीकडचे पाढे घुमत होते आणि वरचं छत काही कोसळलं नाही.

बुधवारी वरून एक साहेब उतरले. मी तेव्हा जिना पुसत होते. 'हवालदार, ही पोरं कुणाची? सोसायटीचा नियम माहीत नाही काय?' म्हणून त्यांनी विचारलं. तुम्ही उभे राहिलात, आवाजही चढवला नाहीत. म्हणालात, 'साहेब, व्हिजिटर आहेत. एन्ट्री झालीय.' आणि रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलंत. साहेबांनी खरंच वाचलं हो. पाच ओळी, पाच नावं, सगळ्यांसमोर 'अभ्यास'. काही न बोलता गाडीत बसून गेले. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, रजिस्टर म्हणजे पोरीचं मन राखायला केलेला खेळ. तुम्ही तर तिला कागदोपत्री उभं केलं होतंत. हाकलायचं झालं तर आधी ओळ खोडावी लागली असती, आणि खाडाखोड तर चालत नाही!

मला कधी कधी वाटतं, चांगुलपणा म्हटला की लोक लगेच पैसे, टॅब, सायकल असलं काही तरी डोळ्यांसमोर आणतात. ज्याच्याकडे देण्यासारखं आहे त्यानंच चांगलं असायचं, असा काही तरी समज झालाय. तुमच्याकडे होतं काय? एक प्लास्टिकची खुर्ची, एक काठी, एक दोरीला बांधलेलं पेन आणि बारा तासांची ड्युटी. माझे वडील म्हणायचे, माणूस बघायचा तर तो आपल्यापेक्षा लहानाशी कसा बोलतो ते बघ. त्यांना पलटण वगैरे काही माहीत नव्हती, शेतावर गडी होते. असो. भाची म्हणते, मावशी, विषय सोडून चाललीस.

आणखी एक. गुरुवारी मी खाली उतरले तेव्हा तुम्ही आमची ती पातळ वही माझ्यापुढे सरकवलीत. रोजच्यासारखं '३०२ बाई' लिहायला तुम्ही पेन उचललं नव्हतंत. पोरगी शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. लग्नानंतर रेशन कार्डाचा फॉर्म सोडला तर कुठे लिहिल्याचं आठवत नाही. हात जरा थरथरला, अक्षर तिच्यापेक्षा वाईट आलं. ती म्हणाली, 'आई, ओळीवर लिही.' तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात, ते मी बघितलं काका.

नवीन माणसाला मी ती पद्धत सांगितली. पहिले दोन दिवस त्यानं ऐकलं नाही, '३०२' लिहून मोकळा. तिसऱ्या दिवशी मी पेनच मागून घेतलं. आता चार-पाच बायका आपापलं नाव लिहितात. एकीला लिहिता येत नाही, ती आमच्या पोरीकडून शिकतेय. निम्मं नाव झालंय.

हो, आणि दुसऱ्या दिवशी पोरीनं 'अभ्यास' बरोबर लिहिला होता. कुणी सांगितलं नव्हतं. घरी वाचनपाठात शोधून काढलंन म्हणे.

शनिवारी तुम्ही पोरांना भाकरी आणि खर्डा वाटलात, तो स्टीलचा डबा आमच्या पिशवीत आला आणि आमच्याकडेच राहिला. झाकणावर तुमचं नाव ठोकलेलं आहे, म्हणून हरवू देत नाही. दिवाळीला भाऊबीजेसाठी मी चंदगडला येणार आहे. हे पत्र पोचलं तर कुणाच्या तरी हाती निरोप धाडा, कुठं यायचं ते. डबा घेऊन येते. रिकामा आणणार नाही, पण करंज्या की चकल्या ते आधी सांगा, पोरगी विचारतेय.