सँडीच्या, म्हणजे संदीप पाटीलच्या पाक्षिकाचे जुने अंक कुठे आहेत?

संपादक साहेब, नमस्कार.

क्रिकेटपटू संदीप पाटीलबद्दल लिहायचं म्हटलं की सगळे एकतर ॲडलेडच्या टेस्टमधले 174 रन सांगतात नाहीतर 1982 ला मँचेस्टरला इंग्लंडच्या विलिसला एका ओव्हरमध्ये मारलेले सहा चौकार. सांगायलाच पाहिजेत म्हणा, सिडनीच्या टेस्टला ऑस्ट्रेलियाच्या पास्कोचा बॉल डोक्याला लागून मैदानाबाहेर जावं लागलं आणि लगेच पुढच्या टेस्टला हा माणूस लिली, पास्को, हॉगला असा झोडपतो, एवढी हिंमत मी तरी फार कमी जणांत बघितली. पण त्याचं अजून एक काम आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही, ते म्हणजे "एकच षटकार".

83 चा वर्ल्डकप जिंकल्यानंतर क्रिकेटवर लिहिणारे द्वारकानाथ संझगिरी आणि त्यांच्या मित्रांनी हे क्रिकेटचं मराठी पाक्षिक काढलं. कार्यकारी संपादक संझगिरी, संपादक म्हणून नाव संदीप पाटीलचं. सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध नाबाद 51 मारणारा आपला माणूस मराठी अंकाचा संपादक! नुसतं क्रिकेटवर मराठीत अख्खं पाक्षिक चालू शकतं हे तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नसतं, पण बालमोहन आणि रुईयात शिकलेल्या पोराला कोण वाचणार हे बरोबर माहीत असणार.

आणि हे मुंबईतच होऊ शकलं असं माझं ठाम मत आहे. मुंबई बेट आहे हे आपण विसरूनच गेलोय. माहीम हे सात बेटांतलं एक, आणि शिवाजी पार्कला 1927 पर्यंत माहीम पार्कच म्हणायचे. साधारण 28 एकर जागा, त्यात एकाला लागून एक पिचेस, एका मॅचमधली कव्हरची जागा म्हणजे शेजारच्या मॅचमधली मिडविकेटची, त्यात पावसाळ्यात कांगा लीगची स्पर्धा, चिखलात बॉल कसाही उडतो, तिथे शिकलेला बॅट्समन कशाला घाबरेल सांगा. संदीप तिथलाच, त्याचे वडील मधुसूदन पाटीलही फर्स्ट क्लास खेळलेले. कट्ट्यावर बसलेले काका लोक फटका चुकला की पोरांना तिथल्या तिथे ऐकवायचे. असले वाचक दादर माहीमला गल्लोगल्ली होते, म्हणून असला अंक निघू शकला.

आता रोहित शर्मा बोरिवलीचा, शार्दूल ठाकूर पालघरचा, पृथ्वी शॉ विरारचा. चांगलंच आहे, क्रिकेट बेटाबाहेर गेलं, मला त्याचा आनंदच आहे. पण जुन्या बेटावरच्या क्रिकेटबद्दल तेव्हा मराठीत जे लिहिलं गेलं ते तरी राहिलं पाहिजे ना. मी एका वाचनालयात विचारलं तर खेळाचे अंक आम्ही जपून ठेवत नाही म्हणाले, वाईट वाटलं. कवितेचे अंक जपता, दिवाळी अंक जपता, मग क्रिकेटचे का नाही? संझगिरीही 2025 मध्ये गेले, आता आठवणी सांगणारे एकेक कमी होत चाललेत.

तर विनंती एवढीच की तुमच्या पेपरातून वाचकांना आवाहन करा, ज्यांच्या माळ्यावर, कपाटात हे अंक पडलेत त्यांनी रद्दीत न देता स्कॅनिंगला द्यावेत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला तुम्ही विचारलंत तर ते नक्की ऐकून घेतील, आणि संदीप पाटीलशी बोलून एक मोठी मुलाखत फक्त या पाक्षिकावर घ्या. वर्ल्डकपवर त्याला हजार जणांनी विचारून झालंय.

आपला,
एक जुना वाचक, दादर