पंचच्या हातातली काठी काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या 'पंच आणि ज्यूडी' या बाहुल्यांच्या खेळावर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बायकोला झोडपणारा, तान्ह्या बाळाला फेकून देणारा हा विदूषक आता मुलांसमोर आणू नये आणि आणायचाच तर त्याच्या हातातली काठी काढून घ्यावी, असा लेखाचा सूर होता. त्यामागची काळजी मला पटते. घरातली मारहाण हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हेच. पण लेख ज्यूडीपाशीच, म्हणजे पंचच्या बायकोपाशीच, थांबला आणि तिथेच पंचवर अन्याय झाला.

मी मुलांसाठी हातमोजा बाहुल्यांचे खेळ करते, म्हणून आधी कसबाबद्दल लिहिते. पंचचा खेळ एकच माणूस करतो. त्याला तिकडे 'प्रोफेसर' म्हणतात. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाने वेढलेल्या उभ्या खोक्यात शिरून तो पंचला उजव्या हातावर चढवतो आणि सहसा शेवटपर्यंत उतरवत नाही. बाकीची पात्रे डाव्या हातावर पाळीपाळीने येतात. त्यामुळे पंचसमोर एका वेळी एकालाच उभे राहता येते : ज्यूडी, शिपाई, डॉक्टर, मगर, जल्लाद, कधी खुद्द सैतान. खेळाची सगळी रचना या दोन हातांनी ठरवली आहे. पंचच्या चिरक्या आवाजासाठी प्रोफेसर धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये फीत ताणून केलेली पिपाणी टाळूला धरतो आणि दुसऱ्या पात्राचे बोलणे आले की जिभेने बाजूला सारतो. ती गिळली जाण्याची धास्ती असतेच. त्या आवाजात शब्द अर्धेमुर्धेच कळतात, म्हणून समोरचे पात्र पंचचे वाक्य प्रश्नासारखे पुन्हा म्हणते. काठीसुद्धा दोन फळ्यांची असते. आवाज मोठा, मार नावापुरता.

पिचिनी या इटालियन खेळियाचा खेळ पाहून १८२८ मध्ये लंडनला त्याची संहिता छापली गेली. तीत काठी घेऊन येते ती ज्यूडी. बाळाचे काय झाले हे कळताच पहिला तडाखा तीच पंचला देते. लेखात याचा उल्लेखही नाही.

आणि फाशीचा प्रसंग? जॅक केच हा जल्लाद (सतराव्या शतकात लंडनला या नावाचा खराखुरा जल्लाद होता) पंचला फासात डोके घालायला सांगतो. पंच डोके कधी फासाच्या अलीकडे नेतो, कधी पलीकडे. आपल्याला हे जमत नाही, आपण काही पूर्वी फाशी गेलेलो नाही, अशी त्याची तक्रार. वैतागून केच स्वतःचे डोके घालून दाखवतो आणि पंच दोर ओढतो! इंग्लंडमध्ये १८६८ पर्यंत फाशी गर्दीसमोर, उघड्यावर दिली जात असे. ती पाहिलेल्या गरीब माणसाला या हसण्यातून केवढा मोकळा श्वास मिळत असेल, याचा लेखकाने विचार करायला हवा होता.

पंच मूळचा इटलीच्या विनोदी नाट्यातला पुल्चिनेल्ला. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स यांनी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद ९ मे १६६२ ची आहे. पुढे हा नाकाड्या, कुबडा इसम इंग्रजांच्या इतका अंगवळणी पडला की १८४१ मध्ये निघालेल्या विनोदी साप्ताहिकाने त्याचेच नाव घेतले आणि ते नाव पुढे आमच्या ठाण्याच्या 'हिंदू पंच' या पत्रापर्यंत पोहोचले. बेंजामिन हेडन यांच्या १८२९ च्या चित्रात लंडनच्या रस्त्यावर लग्नाची बग्गी आहे, प्रेत नेणारी गाडी आहे आणि भोवती गर्दी जमवून पंचचा खेळ चालला आहे. खेळात रंगलेल्या एका शेतकऱ्याचा खिसा मारला जातोय. हे निव्वळ मुलांचे करमणुकीचे साधन कधीच नव्हते.

काठी काढून घेण्याची सूचनाही नवी नाही. चार्ल्स डिकन्स यांनी १८४९ मध्ये एका पत्रात स्पष्ट लिहिले होते की, रस्त्यावरच्या पंचला बोधप्रद केले तर लोकांवरची त्याची पकड सुटेल. मला हे शंभर टक्के पटते. मुलांना पंचसारखे वागावेसे वाटत नाही. त्याच्या लबाडीवर ती ओरडून ओरडून त्यालाच पकडून देतात. ज्या खेळात प्रेक्षक एवढा जागा असतो, तिथे काठीची भीती कशाला?

या विषयावर पुरवणीत पुन्हा लिहिले जाईल तेव्हा फाशीच्या प्रसंगालाही जागा द्यावी आणि सोबत हेडन यांचे चित्र मोठ्या आकारात छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
ठाणे