सर, आधी पानाची पाठ बघायला शिकवलंत

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

शिळाछापाचा (लिथोग्राफीचा) दगड घासायला आणि त्यावर चरबीच्या खडूने रेघ ओढायला तुम्ही जन्मभर शिकवलंत. आम्ही तुमचे विद्यार्थी नव्हतो. माया, अझ्टेक आणि उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कलेवरचे एकोणिसाव्या शतकातले चित्रग्रंथ जमवणारी आम्ही हौशी मंडळी. तरी तुम्ही आम्हाला वेळ दिलात. त्याचे आभार एका ओळीत मानता येत नाहीत, म्हणून तुमच्याकडून नेमकं काय उचललं ते लिहितो. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर तोही तुमच्याच खात्यात.

चित्र बघण्याआधी पान उलटं करा, हे तुमचं पहिलं सांगणं. छपाईच्या कागदाला खळ दिलेली असते आणि दीडशे वर्षांत तिचा जोर जातो. १८४० च्या सुमारास हाताने भरलेला रंग खळीवर बसलेला असतो, पाठीमागे सहसा उतरत नाही. साधं काळं चित्र कुणी अलीकडे रंगवून महाग केलं असेल, तर कागद टीपकागदासारखा रंग शोषतो आणि पाठीवर डाग दिसतात. दुसरी खूण जुन्या कागदावर पडणाऱ्या तांबूस ठिपक्यांची. रंग ठिपक्यावरून सरळ गेला असेल आणि तिथेच जास्त गडद झाला असेल, तर ठिपका आधीचा आणि रंग नंतरचा. विक्रेत्याकडे पाठीचा फोटो, तोही एका बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला, मागायला आम्ही तेव्हापासून लाजत नाही.

मग दहापट भिंग. आधुनिक ऑफसेट छपाईच्या नकलेत चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित फुलं दिसतात. ती दिसली की विषय संपला. शिळाछापात खडूचा दाणा वेडावाकडा असतो, खरखरीत भिंतीवर कोळसा ओढावा तसा. कॅथरवुड या इंग्रज चित्रकाराची १८४४ ची माया अवशेषांची चित्रं काळ्या रेषेखाली वाळूरंगाची छटा देऊन छापलेली आहेत. ऊन पडलेल्या जागी त्या छटेचा दगड कोरा सोडलेला असतो, त्यामुळे तिथे दिसतो तो पांढरा रंग नव्हे, उघडा कागद. कोपान या माया नगरातल्या स्तंभाच्या उजळ कडेवर भिंग धरून तुम्ही हे दाखवलंत तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. नकलेत नेमकी तीच जागा मळकट होते, कारण जुन्या कागदाचा पिवळेपणाही सोबत छापला जातो.

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची चित्रं काढणाऱ्या बॉडमरची गोष्ट वेगळी. त्याची चित्रं म्हणजे ॲक्वाटिंट, आम्लाने खोदलेल्या धातूच्या पत्र्यावरून केलेली छपाई, त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो. पण मूळ पत्र्यांवरून विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा छपाई झाली आहे, म्हणून नुसत्या दाबावर भिस्त ठेवू नका, खाली बॉडमरच्या नावाचा शाईविना उठवलेला शिक्का आहे का ते पाहा आणि कागदाचं वय तपासा, हा तुमचा इशारा. त्याने आमचे पैसे वाचले आहेत.

मोजणी केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कॅथरवुडच्या प्रतीत रंगीत शीर्षकपान, नकाशा आणि २५ चित्रं हवीत. बॉडमरची ४८ मोठी आणि ३३ लहान, एकूण ८१. मॅकेनी आणि हॉल यांच्या, मूळ रहिवाशांच्या व्यक्तिचित्रांच्या तीन मोठ्या खंडांत १२०. मेक्सिकोच्या जुन्या हस्तलिखितांच्या नकला छापणाऱ्या किंग्जबरोचे खंड नऊ. शेवटचे दोन त्याच्या मृत्यूनंतर, १८४८ मध्ये निघाले, तेव्हा सात खंडांवर ‘पूर्ण संच’ लिहिलेलं दिसलं तर हात आखडता घ्यावा. चित्रं सुटी विकण्यासाठी चांगले ग्रंथ फोडले जातात. (या धंद्याबद्दल तुम्ही वापरलेला शब्द इथे लिहीत नाही.) म्हणून शिवणीपाशी कापलेल्या पानांचे खुंट मोजायचे.

मॅकेनी-हॉलमध्ये आम्ही उलट्या बाजूने फसलो असतो. एकाच संचात चित्रांखाली वेगवेगळ्या प्रकाशकांची नावं दिसली की जुळवाजुळवीचा संशय येतो. पण तो ग्रंथ १८३६ ते १८४४ हप्त्याहप्त्याने निघाला आणि मध्ये प्रकाशक बदलत गेले. नावांची सरमिसळ हा तिथे दोष नाही. खरी गफलत आकाराची होते: मोठ्या आवृत्तीचं पान साधारण ५० सेंमी उंच, नंतरच्या लहान आवृत्तीचं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पडद्यावरच्या फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. फोटोत पट्टी ठेवायला सांगायचं.

याच चित्रांच्या गडद भागांवर डिंकाचा हात दिलेला असतो, पान तिरपं केलं की चकाकतो. डिंक पाण्यात विरघळतो. डाग काढायला पान धुतलं की चकाकी गेलीच, वर रंगही पसरतो. ब्लीच केलेला कागद तर नाकालाच कळतो: जास्त पांढरा, लुळा, क्लोरीनचा वास असलेला.

पावसाळ्याचं तुमचं वेळापत्रक आता आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, म्हणून आर्द्रतामापकाचा काटा ५० च्या आसपास ठेवायचा. पुस्तक प्लॅस्टिकात बांधायचं नाही, कपाट भिंतीला टेकवायचं नाही, मोठे खंड आडवेच ठेवायचे. चित्रावरचा जुना पातळ कागद तपकिरी झाला तरी फेकायचा नाही, मध्ये आम्लरहित कागद सरकवायचा. बुरशी ओली असताना पुसायची नाही, पुसली की धाग्यात शिरते. आधी वाळू द्यायची, मग उघड्यावर मऊ कुंचल्याने झाडायची, तोंडाला मास्क लावून.

एक राहिलंच. वाल्डेक या चित्रकाराने पालेंके या माया नगरातल्या कोरीव कामात हत्तीची डोकी काढली ती बघून तुम्ही म्हणालात, याला कुणीतरी खरा हत्ती दाखवायला हवा होता. तेव्हापासून जुन्या चित्रातली आकृती आणि दगडाचा फोटो शेजारी ठेवूनच वाचतो.

तुमचं भिंग मऊ सुती कापडात गुंडाळून डबीत घालून परत पाठवत आहोत. काचेला बोट लागू दिलेलं नाही.

आपली नम्र,
पुस्तकवाली मंडळी