बंब भरायला विजेची वाट बघायला लागू नये : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या एका गावात राहतो. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) आवारातली कापसाची गंजी पेटली की वरून विझलेली आग आत धुमसतच राहते आणि बंबाला खेपांवर खेपा कराव्या लागतात. त्यात आग लागली की खबरदारी म्हणून आधी त्या भागाची लाइन बंद करतात. अग्निशमन केंद्र त्याच फीडरवर, म्हणजे त्या भागाच्याच वीजवाहिनीवर, असलं तर बंब भरायचा पंपही बंद!

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. नव्या केंद्रांसाठी पैसा येईल, पण टिनाच्या शेडवर चार सौर पॅनल ठोकून त्याला ऊर्जाबचतीचं केंद्र म्हणू नका. नकाशापासूनच विचार व्हावा.

आगीवर पाणी मारायचे ओले होज (लांब नळ्या) वाळवायला मनोरा लागतोच. १५ मीटरचा होज दुमडून टांगला तर आठेक मीटर उंची पुरते. त्याच मनोऱ्यावर पाण्याची टाकी बसवा. दिवसा सौरपंपाने ती भरेल आणि रात्री रुंद पाइपातून बंब आपोआप भरेल, लाइन असो वा नसो. मनोऱ्याला वर झरोके ठेवले तर गरम हवा तिथून निघून जाईल आणि जवानांच्या खोल्यांत वारा खेळेल. टाकीचं वजन पेलणारा पाया घालावा लागेल, खर्च थोडा वाढेल, तो करावा.

पॅनल लावताना एक गोष्ट हमखास सुटते. साधी नेट मीटरिंगची (जादा सौरवीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करायची) यंत्रणा ग्रिडची वीज गेली की स्वतःच बंद पडते, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. म्हणजे ऐन गरजेला छतावरची वीज कुचकामी. कंट्रोल रूमचा फोन, वायरलेस, भोंगा आणि दिवे यांच्यापुरती बॅटरी आणि ग्रिड बंद असतानाही पॅनल-बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर निविदेतच लिहा. भार फार नाही. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेतले तर आणखी कमी.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाखाली दुपार काढलेल्या माणसाला हाक आली की पळायचं असतं, हे नकाशा काढणाऱ्याने एकदा तिथे बसून बघावं. भिंती वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या रॅट-ट्रॅप पद्धतीच्या, म्हणजे विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणाऱ्या, घ्या: विटा साधारण चौथाईने कमी लागतात आणि आतली पोकळी ऊन अडवते. छताला पांढरा चायना मोझॅक (फुटक्या चिनी मातीच्या फरश्यांचा थर) करा, पश्चिमेला खिडक्या कमी ठेवा. आमची हवा कोरडी, कूलर पुरतो. एसीचा हट्ट नको.

बिलातून वाचलेला पैसा नगरपरिषदेच्या सामान्य खात्यात मुरू देऊ नका, तो होज, गमबूट आणि हातमोज्यांवरच खर्च व्हावा.

महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडून लहान गावांसाठी असा नमुना नकाशा करून घ्यावा आणि नव्या निविदा त्यावरच काढाव्यात, ही विनंती.

आपला,
विदर्भातला एक करदाता