पत्त्याच्या रकान्यात तुमचं घर

आदरणीय ताई,

सा. न. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. दादर स्टेशनच्या पुलावर आम्हाला शिकवायला घेऊन बसलेल्या तुम्हाला रोज हजारो लोक ओलांडून जायचे. तिथे काय चालायचं ते त्यांनाही कळू दे.

परभणीहून तपोवनने विनातिकीट आलो तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. गावच्या शाळेने पाचवी पास केलं होतं, पण वाचता येत नव्हतं. पहाटे फुलबाजारात झेंडूच्या गोण्या उचलायच्या, दुपारी पुलावर आडवं व्हायचं. आमच्यातली काही पोरं नशेसाठी सोल्युशन ओढायची. त्यांनाही तुम्ही कधी उठवून लावलं नाहीत.

तुमच्याआधी एकदोघे येऊन गेले होते. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, असलं चित्रांचं पुस्तक घेऊन. मिसरूड फुटलेल्या पोराला ते हातात धरायची लाज वाटते हो. तुम्ही पुस्तक आणलंच नाहीत. खाली फलाटावरच्या पाटीकडे बोट दाखवलंत. दादर. दोन द, एक र, एक काना. जिथे झोपत होतो त्या जागेचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. मग परळ. माटुंग्याचा अनुस्वार, कुर्ल्याचा रफार, विक्रोळीतला क्र, कल्याणमधला ल्य. चिंचपोकळीला आठवडा गेला. जोडाक्षरं मला अजूनही स्टेशनांच्या नावानेच आठवतात.

मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. पुलावरचे आम्ही बहुतेक चौदा ओलांडलेले. या वयाच्या पोराला शाळा शोधत येत नाही, हमालीला माणूस हवा असलेला मात्र बरोबर शोधून काढतो. म्हणून तुम्ही सतरा नंबर फॉर्मच्या, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायच्या अर्जाच्या, मागे लागलात. त्याला शाळा सोडल्याचा दाखला हवा. गावी जायची माझी हिंमत नव्हती, तर तुम्ही रात्रभर एसटीने जाऊन तो घेऊन आलात. येताना आईला भेटलात. मी जिवंत आहे हे तिला तुमच्या तोंडून कळलं. त्याचे आभार कुठल्या शब्दांत मानू, ताई?

फॉर्म भरताना मी पत्त्यापाशी अडलो. तुम्ही पेन घेतलंत आणि माझ्या नावाखाली 'मार्फत' लिहून तुमच्या घराचा पत्ता घातलात. घरच्यांना विचारलंही नाहीत. मी गणितात पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा सुटलो, पण पत्ता तोच राहिला. बँकेचं खातंही त्याच पत्त्यावर उघडलं.

आता मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाण्याच्या पुढे दिव्याला भाड्याची खोली घेतली, आईला आणलंय. यंदाच्या फॉर्मवर दिव्याचा पत्ता लिहिला. बँकेची पत्रं अजून तुमच्याकडेच येत असतील. रविवारी आईला घेऊन ती न्यायला येतो.

तुमचा,
पुलावरचा एक विद्यार्थी